पुडीत साखर कशाला असते?

आजची सुरुवात माझ्या एका चुकीपासून.

मी अकरावीत होतो. मे महिना, आम्ही गावी, आणि आजोबांना जुलाब सुरू झाले. आई-बाबा लग्नाला गेलेले, घरात फक्त मी आणि आजी. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी करून पाजत राहा, मी गाडी घेऊन निघतो." मी लगेच कामाला लागलो. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, मीठ घातलं, आणि साखरेच्या डब्यापाशी हात थांबला. आजोबांना डायबेटिस. आमच्याकडे त्यांचा चहासुद्धा बिनसाखरेचा. म्हटलं, साखर काय, चवीसाठीच असणार. वगळली. वर लिंबू पिळलं आणि स्वतःवर जाम खूश झालो.

आजोबा बिचारे पीत राहिले, जुलाब होत राहिले. दोन तासांनी काका आले. पहिला प्रश्न, "साखर किती घातलीस?" मी म्हटलं, "घातलीच नाही." काका काही बोलले नाहीत. आजोबांना तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. तिथल्या डॉक्टरांनी मला जाता जाता एवढंच सांगितलं, "अरे, साखरेशिवाय ते मीठ आत शिरतच नाही."

आता लाज वाटायची गोष्ट अशी, की त्याच वर्षी मी पेशीपटलावरचं अख्खं प्रकरण पाठ केलेलं होतं. फॉस्फोलिपिडचे दोन थर, त्यात रुतलेली प्रथिनं, सिंगर आणि निकोल्सन, १९७२. आकृती काढून नावं द्या म्हटलं असतं तर झोपेत दिली असती. पण वहीतली ती आकृती आणि हातातला तो तांब्या यांचा काही संबंध असेल हे डोक्यात आलंच नाही. आजचा एपिसोड त्या संबंधाचा इतिहास आहे. तो शोधताना एक कळलं, हा संबंध जोडायला माझ्यापेक्षा खूप हुशार माणसांनाही खूप वर्षं लागली, आणि तोवर लाखो माणसं गेली.

आधी पटलाबद्दल. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तो म्हणजे पेशीपटल. किती पातळ? अशी दीड-दोन लाख पटलं एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर होईल. साध्या मायक्रोस्कोपखाली ते दिसणं शक्यच नव्हतं. मग ते आहे हे कळलं कसं?

१८९० च्या दशकात अर्न्स्ट ओव्हर्टन नावाचा माणूस झुरिकमध्ये वनस्पतींच्या पेशींवर काम करत होता. त्याचा उद्योग साधा होता आणि कंटाळवाणा. पेशी एकेका द्रावणात बुडवायच्या आणि बघायचं, विरघळलेला पदार्थ आत शिरतो की बाहेर राहतो. असे शेकडो पदार्थ त्याने तपासले. त्यात एक नियम सापडला. जे तेलात विरघळतं ते पटकन आत जातं. जे फक्त पाण्यात विरघळतं ते दाराशी ताटकळतं. यावरून त्याने अंदाज बांधला की पेशीची वेस तेलकट, स्निग्ध पदार्थाची असणार.

मग १९२५ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमधल्या एव्हर्ट गोर्टर आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या, त्यातली चरबी काढली आणि ती पाण्यावर पसरू दिली, एका रेणूच्या जाडीचा थर होईल इतकी. तवंग मोजला, तर त्याचं क्षेत्रफळ त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटलात चरबीचे दोन थर असणार. बरोबर उत्तर! पण नंतर लक्षात आलं की त्यांनी दोन चुका केल्या होत्या. चरबी पूर्ण निघालीच नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर जमलं. माझ्या गणिताच्या पेपरात असं कधी झालं नाही, असो. यातला गोर्टर हा मुळात लहान मुलांचा डॉक्टर होता, बालरोगाचा प्रोफेसर. हे लक्षात ठेवा, कारण जगभर जुलाबाने सगळ्यात जास्त मरत होती ती लहान मुलंच. तरी त्याच्या तवंगातून त्या मुलांपर्यंत सरळ रस्ता निघाला नाही.

कारण तेलकट भिंत म्हटली की पुढचा प्रश्न येतो. मीठ तेलात विरघळत नाही. साखरही नाही. मग आपण खाल्लेलं मीठ आणि साखर आतड्याच्या पेशीत जाते कुठून? भिंतीत दारं असली पाहिजेत. आणि दारं असतील तर ती कशाने उघडतात?

हा प्रश्न इथेच ठेवतो आणि तुम्हाला दुसऱ्या रस्त्याने नेतो, पटकीच्या.

पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या भाषेत ती शिव्याशापांतसुद्धा जाऊन बसली आहे, 'पटकी येवो' म्हणत आजही कुणीतरी भांडत असेल. १९ व्या शतकात पंढरपूरच्या वारीत, देशभरच्या यात्रांत पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. गावोगावच्या मरीआईच्या देवळांशी या भीतीचा जवळचा संबंध आहे. साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर न्यायचा, म्हणजे रोगही गावाबाहेर जाईल, अशी समजूत. आज ऐकायला वेगळं वाटतं. पण सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत मेलेला बघितला तर आपणही काय केलं असतं?

पटकीत माणूस मरतो तो पाणी संपून. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून निघून जाऊ शकतं, सोबत मीठ. रक्त घट्ट होतं, नाडी लागत नाही, मूत्रपिंडं बंद पडतात. उपचार न झालेल्या तीव्र रुग्णांतले निम्म्याहून अधिक दगावत. तर्काने बघितलं तर उपाय सोपा, गेलेलं पाणी आणि मीठ परत द्या. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा या डॉक्टरने तेच केलं, मिठाचं पाणी थेट शिरेतून दिलं. २० व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाईनची पद्धत सुधारली आणि मृत्यू बरेच कमी केले.

पण सलाईनला बाटली लागते, निर्जंतुक सुई लागते, नळी लागते, आणि शीर सापडणारा माणूस लागतो. साथ येते ती नेमकी हे सगळं नसेल तिथे.

मग तोंडाने का नाही द्यायचं? तसे प्रयत्न झालेच. नुसतं पाणी दिलं, मिठाचं पाणी दिलं. माझ्या आजोबांचं झालं तेच सगळीकडे झालं. प्यायलेलं सगळं खालून बाहेर. त्यातून डॉक्टरांची एक समजूत पक्की होऊन बसली, ती म्हणजे कॉलऱ्यात आतड्याचं आतलं अस्तरच सोलून निघतं. अस्तरच नाही तर शोषण कुठून होणार? म्हणून रुग्णाला तोंडाने काही देऊ नका, आतड्याला विश्रांती द्या. ही समजूत आधी सामान्य माणसांची नव्हती, ती वैद्यकाच्या पुस्तकांतून आलेली होती. आणि पुढे घराघरांत पसरली. 'जुलाब होतायत ना, मग पाणी बंद' हे वाक्य मी अजूनही ऐकतो.

ही समजूत १९६० च्या सुमारास मोडली. बँकॉकमधल्या साथीत यूजीन गँगारोसा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे बारीक नमुने घेतले, जिवंत रुग्णांचे, आणि मायक्रोस्कोपखाली बघितले. अस्तर जागच्या जागी होतं. पेशी शाबूत होत्या. जुन्या डॉक्टरांनी सोललेलं अस्तर पाहिलं होतं ते मृतदेहांत, आणि ते मृत्यूनंतर खराब झालेलं होतं. साधारण त्याच सुमारास, १९५९ मध्ये, कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं की कॉलऱ्याचा जंतू पेशींना मारत नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी साठतं. तुटपुंजी साधनं, सशांवरचे प्रयोग, आणि जगातला एक मोठा शोध. आपल्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला धड एक ओळ मिळत नाही, याचा मला खरंच राग येतो.

म्हणजे घर शाबूत आहे, भिंती शाबूत आहेत. बिघाड दारांचा आहे.

आता पहिला रस्ता पुन्हा धरू. ऑगस्ट १९६०, प्राग शहर. एका परिषदेत रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन बायोकेमिस्टने एक कल्पना मांडली. त्याला कॉलऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा प्रश्न साखरेचा होता. आतड्यातलं ग्लुकोज पेशीत शिरतं कसं, आणि तेही आत आधीच जास्त ग्लुकोज असताना? त्याचं उत्तर असं होतं. पटलात एक खास वाहक आहे. तो एकटं ग्लुकोज घेत नाही, सोबत सोडियम लागतं. सोडियमची ओढ आत जाण्याकडे असते, कारण पेशी आतलं सोडियम सतत पंपाने बाहेर फेकत असते. त्या ओढीच्या जोरावर ग्लुकोजही ओढलं जातं. दोघं हातात हात घालून आले तरच दार फिरतं. आज आपण त्या वाहकाला एसजीएलटी-१ म्हणतो, आणि एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत जातात हेही माहीत आहे.

क्रेनने हे साखरेच्या बाजूने सांगितलं. मिठाच्या बाजूने वाचलं की तेच वाक्य असं होतं, ग्लुकोज दिलं तर सोडियम आत जाईल. आणि मीठ जिकडे जातं तिकडे पाणी जातं. हे तुम्हाला नवीन नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं ना, तीच ओढ. आतड्यातून मीठ आणि साखर पेशीत गेली की त्यांच्यामागे पाणी जातं.

मग कॉलऱ्याचं विष काय करतं? ते पेशीत एक खोटा निरोप पाठवतं. त्या निरोपाने क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडं पडतं, क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी धो धो वाहू लागतं. आणि मीठ आत घेणारं नेहमीचं दार बंद होतं. म्हणून नुसतं मिठाचं पाणी उपयोगाचं नाही. पण ग्लुकोज-सोडियमचं जोडीचं दार? त्याला हा निरोप लागूच होत नाही. साथ ऐन भरात असताना, पेशंट मरायला टेकलेला असताना, ते एक दार चालू असतं. ते नेहमीच चालू होतं. लाटाच्या काळातही. पंढरपूरच्या वाटेवर कोसळलेल्या माणसाच्या पोटातसुद्धा.

तुम्ही म्हणाल, मग १९६० नंतर लगेच सगळीकडे साखर-मिठाचं पाणी सुरू झालं असेल. छे! उलट आधीचंच एक उदाहरण आहे. १९५३ मध्ये कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की त्यांनी कॉलऱ्याच्या सौम्य रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने दिलं आणि ते बरे झाले. पण ते का चालतं हे सांगता येत नव्हतं, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एकीकडे उपाय होता, कारण नव्हतं. दुसरीकडे क्रेनकडे कारण होतं, रोगी नव्हते.

आणि मध्ये एक वाईट घटना घडली. १९६२ मध्ये फिलिपिन्समध्ये अमेरिकन नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी ग्लुकोज घातलेलं मिठाचं पाणी रुग्णांना दिलं. शोषण होतंय हे त्यांना दिसलं. त्या उत्साहात पुढची मोठी चाचणी घेतली, द्रावणाचं प्रमाण आणि देण्याचा हिशोब चुकला, आणि पाच रुग्ण दगावले. फिलिप्स त्यातून सावरले नाहीत म्हटलं तरी चालेल. पुढे ते ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि तरुण डॉक्टर तोंडाने द्यायच्या पाण्याचा विषय काढत तेव्हा ते कचरत. मला त्यांचा राग येत नाही. पाच माणसं.

शेवटी १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या विशी उलटलेल्या दोन डॉक्टरांनी तो हिशोब बसवला. जितकं बाहेर जातं तितकं मोजून तेवढंच परत पाजायचं. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कोलकात्यातही त्याच काळात असे प्रयोग चालू होते. पण हे सगळं वॉर्डात. नर्स आहेत, मोजमाप आहे, गरज पडली तर सलाईन आहे. गावात हे कोण करणार, असं मोठमोठे लोक विचारत होते.

उत्तर १९७१ मध्ये मिळालं, बनगावात. पश्चिम बंगालमधलं सीमेवरचं गाव. बांगलादेशचं मुक्तियुद्ध चालू, जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आलेले, वर पावसाळा, आणि छावण्यांत कॉलरा. कोलकात्याच्या संशोधन केंद्रातून डॉ. दिलीप महालनबिस तिथे पोचले. इस्पितळाच्या दोन खोल्या, जमिनीवर पडलेले रुग्ण, त्यांच्या विष्ठेत आणि उलटीत गुडघे टेकून सलाईन लावायचं. एक-दोन दिवसांतच त्यांना कळून चुकलं की बाटल्या पुरणार नाहीत.

मग त्यांनी तो निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात बसून लोकांनी हे मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्या इस्त्रीने चिकटवल्या. बनगावात मोठ्या पिंपांत ते कालवलं, आणि पाजायचं काम दिलं नातेवाइकांना. आई, भाऊ, नवरा, जे कुणी सोबत असेल ते. कपाने, वाटीने, जमेल तसं पाजत राहा. लोकांना सलाईन हा शब्द माहीत होता, त्यावर भरवसा होता, म्हणून या पाण्याला 'ओरल सलाईन' म्हणायचं ठरलं.

सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० वर रुग्ण. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के. जिथे हे पाणी पोचलं नव्हतं तिथे ते ३० टक्क्यांच्या घरात होतं.

इथे एक गंमत बघा. माझ्या वहीतली ती आकृती, सिंगर-निकोल्सनचं 'फ्लुइड मोझेक मॉडेल', १९७२ चं आहे. म्हणजे पटलाचं ते प्रसिद्ध चित्र छापून येण्याच्या एक वर्ष आधी बनगावच्या आया त्या पटलातलं दार वाटीने उघडत होत्या. आणि दाराचं प्रथिन प्रत्यक्ष ओळखलं गेलं, त्याचं जनुक हाती आलं, ते १९८७ मध्ये, अर्नेस्ट राइट यांच्या गटाकडून.

१९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने संपादकीयात म्हटलं की साखर-मिठाच्या जोडीचा हा शोध बहुधा शतकातली सगळ्यात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल. महालनबिस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मिळालं. मरणोत्तर. यावर मी काही बोलत नाही.

बांगलादेशातली पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९८० पासून ब्रॅक या संस्थेने बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं. पुडी प्रत्येक गावात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून पाणी, गूळ आणि मीठ. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आणि शिकवणाऱ्या बाईचे पैसे ठरायचे कशावर? नंतर दुसरं कुणी जाऊन त्या घरातल्या आईला विचारायचं, तुला काय काय आठवतंय? जितकं आठवेल तितके पैसे. दहा वर्षांत १ कोटीहून जास्त घरं झाली. गुळातली साखर आतड्यात फुटते आणि अर्धी ग्लुकोज होते, तेवढी दाराला पुरते.

आता आपल्याकडचं. बरेच जण मला मेसेजमध्ये विचारतात की टेट्रापॅकमधली गोड पेयं चालतील का? जुलाबात नाही. साखर जास्त झाली की कैरीच्या फोडीचं गणित उलटं फिरतं. आतड्यात साखर साठते आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, जुलाब वाढतात. याच कारणाने डब्ल्यूएचओने पुढे स्वतःचंही प्रमाण पातळ केलं. आताच्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ग्लुकोज-सोडियम रेणूंच्या हिशोबात अगदी बरोबरीने. भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने आदेश काढला की साध्या पेयांच्या पॅकवर 'ओआरएस' हा शब्द छापायचा नाही. एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी त्यासाठी कित्येक वर्षं भांडण केलं होतं. तेव्हा मेडिकलमधून पुडी घेताना मागच्या बाजूला डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते वाचा, आणि अख्खी पुडी, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात टाका. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी असा अंदाजपंचे कारभार नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं किंवा प्यायलेलं टिकत नसेल, तर घरी बसू नका, दवाखाना गाठा.

आजोबांचं राहिलंच. हल्ली डायबेटिसच्या बऱ्याच पेशंटना एक गोळी देतात, ती मूत्रपिंडातलं याच कुटुंबातलं दुसरं दार बंद करते, एसजीएलटी-२, म्हणजे साखर लघवीवाटे निघून जाते. आजोबांना दोन वर्षांपूर्वी तीच सुरू झाली. मी उत्साहाने त्यांना सगळं समजावून सांगितलं, आतड्यातलं दार, मूत्रपिंडातलं दार, सोडियम, ग्लुकोज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तू मला नुसतं खारट पाणी पाजलंस."

हो आजोबा. लिंबू पिळून.